हरारेतला मैत्रीचा बाक : मूल गमावलेल्या शोना आईच्या किती कामाचा?

झिंबाब्वेची राजधानी हरारे, तिथल्या महापालिकेच्या दवाखान्यांच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक असतो. त्यावर वस्तीतलीच एक आजी बसलेली असते. औषधाच्या रांगेतून उठून एखादी बाई तिच्या शेजारी जाऊन बसते आणि दोघी बराच वेळ बोलत राहतात. या सेवेचं इंग्रजी नाव 'फ्रेंडशिप बेंच'. शोना या तिथल्या सर्वात मोठ्या समाजाच्या भाषेत तिला 'चिगारो चेकुपाना मझानो' म्हणतात, म्हणजे एकमेकांना चार गोष्टी सुचवण्याचा बाक. पैसे लागत नाहीत.

या सेवेचं कौतुक जगभर झालं आहे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी तर दोह्यात प्रत्येक संघाच्या नावाने एक असे ३२ बाक मांडले होते. ते कौतुक इथे उगाळत नाही. इथे प्रश्न एकच आहे: जिचं मूल गेलं, अशा शोना आईला या बाकाचा किती उपयोग होतो? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. मुलाच्या मृत्यूनंतर सासर, कर्ज, बोलणी आणि रीतिरिवाज मिळून आईच्या डोक्यावर जे ओझं ठेवतात, ते उतरवायला बाक फार कामाचा आहे. मूळ दुःखापाशी त्याचा हात थोडा तोकडा पडतो. आणि जन्मतानाच बाळ गेलं असेल, तर ही सेवा आहे तशी पुरत नाही.

आधी सेवा उभी कशी राहिली ते थोडक्यात, कारण तिची बलस्थानं आणि उणिवा दोन्ही तिथूनच येतात. २००५ मध्ये सरकारने 'मुरांबात्स्विना' मोहिमेत शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्याच सुमारास मनोविकारतज्ज्ञ दिक्सन चिबांदा यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येने गेली. तिला रुग्णालयात यायला बसभाड्याचे १५ डॉलर जमले नव्हते. मग २००६ मध्ये म्बारे या जुन्या, दाट वस्तीत १४ आज्यांना घेऊन काम सुरू झालं. या आज्या आधीपासूनच आरोग्य स्वयंसेविका होत्या, लोक त्यांना 'अंबुया उतानो' म्हणत. अंबुया म्हणजे आजी, उतानो म्हणजे आरोग्य. बाकाला सुरुवातीला मानसिक आरोग्याचं नाव होतं आणि त्यावर कुणी बसेना. नाव बदला, ही सूचना आज्यांचीच. डॉक्टरांनी ती ऐकली, हे बरं झालं.

आता जिच्यासाठी हे परीक्षण आहे तिच्याकडे वळू. शोनात आईला 'माई' म्हणतात, मराठी कानाला हा शब्द परका वाटायचा नाही. बाई आई झाली की तिला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात: माई तातेंदा, म्हणजे तातेंदाची आई. तिचं स्वतःचं नाव वापरातून जवळजवळ जातं. तातेंदा गेला तर? हाक तीच राहते, दिवसातून वीस वेळा. काही घरांत लोक बिचकून हाक मारणंच टाळतात, काही जण दुसऱ्या मुलाचं नाव जोडतात. म्हणून आजीने पहिल्या बैठकीचा पहिला प्रश्न हाच विचारावा: "तुम्हाला मी काय म्हणू?" अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे, पण तो चुकला तर पुढचं सगळं अडखळतं.

मूल किती वयाचं होतं यावर शोना घरातला दुखवटा ठरतो, आणि बाकाने हे नीट धरायला हवं. मोठं माणूस गेलं की घर माणसांनी भरतं. बायका आत मृतदेहापाशी बसतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. येणारा 'नेमाताम्बुद्झिको' म्हणून सांत्वन करतो आणि 'चेमा' म्हणजे मदतीचे पैसे देतो, ते वहीत मांडले जातात. सुना थट्टा-नकला करून रडणाऱ्यांना हसवतात. वर्षभराने 'कुरोवा गुवा' होतो, म्हणजे मृताचा आत्मा घरी आणून त्याला पूर्वजांत, वाद्झिमुंत, स्थान देण्याचा विधी. दुःखाला अशा पायऱ्या मिळतात.

लहान मुलासाठी यातलं बरंचसं होत नाही. कुरोवा गुवा मुलाबाळांवाल्या प्रौढांचा, लहानग्यांचा नव्हे. लहान मूल पूर्वज होत नाही, असा त्यामागचा विचार. तान्ह्या बाळाचं तर आणखीच वेगळं. जुन्या ग्रामीण रीतीत दात न आलेल्या बाळाला म्हाताऱ्या बायकाच ओलसर जागी, ओढ्याकाठच्या मातीत पुरत. पुरुष जात नसत, मोठ्याने रडायचं नसे. आईचं पोट थंड राहावं, पुढचं मूल राहावं, ही त्यामागची भावना. झेझुरु, करांगा, मन्यिका, कोरेकोरे अशा गटांत तपशील बदलतात, शहरात नगरपालिकेच्या दफनभूमीत खड्डा मिळतो आणि चर्चची माणसं प्रार्थना करतात. पण "रडू नको, नाहीतर पुढचं राहणार नाही" हे वाक्य शहरातही पोचलेलं आहे.

याचा परिणाम काय होतो ते बघा. मोठ्या मुलाच्या आईचं घर काही दिवसांनी रिकामं होतं. तान्ह्याच्या आईचं घर पहिल्या दिवसापासूनच रिकामं असतं. पहिलीला बाकाची गरज पाहुणे गेल्यावर लागते. दुसरीला लगेच लागते, आणि नेमकी तीच येत नाही, कारण तिच्या दुःखाला कुणी मृत्यू म्हणतच नाही. संख्येच्या दृष्टीनेही ही बाब किरकोळ नाही. झिंबाब्वेच्या २०१५ च्या राष्ट्रीय लोकसंख्या-आरोग्य पाहणीत दर १००० जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालचे ६९ मृत्यू होते, त्यांतले २९ पहिल्याच महिन्यातले.

दुखवट्याच्या मागोमाग "असं का झालं?" हा प्रश्न येतो, आणि उत्तर शोधत घर कुठे कुठे फिरतं. एक वाट 'नांगा'कडे, म्हणजे पारंपरिक वैद्याकडे. एक पांढऱ्या झग्यातल्या अपोस्टोलिक चर्चच्या प्रेषिताकडे. कुठे 'न्गोझी' निघतो, अन्यायाने मेलेल्याचा सूड घेणारा आत्मा. कुठे बोट सासूकडे वळतं, कुठे सुनेकडे. तान्हं बाळ जुलाबाने गेलं तर "न्होवा वेळेवर का पाहिली नाहीस?" असं आईलाच विचारतात. न्होवा म्हणजे टाळू. ती खोल जाणं हे खरं तर अंगातलं पाणी संपल्याचं लक्षण, पण शोनात तो स्वतंत्र आजार मानतात आणि त्याचे वेगळे उपचार आहेत. एखाद्या आजीला हे ठाऊक नसेल असं होत नाही, आणि बाकाची खरी ताकद हीच. शहरी समुपदेशकाला न्होवा समजावून सांगण्यातच अर्धी बैठक जाईल.

बाकावर सुरुवात १४ प्रश्नांनी होते. ही 'शोना लक्षण प्रश्नावली' मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि हरारेतले त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात तिथल्याच रुग्णांच्या आणि वैद्यांच्या बोलण्यातून तयार केली. गेल्या आठवड्याबद्दल विचारायचं, उत्तर हो किंवा नाही. पहिला प्रश्न 'कुफुंगिसिसा'चा, म्हणजे विचार करकरून डोकं पोखरलं जाण्याचा. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही हा शब्द आला आहे. पुढे लक्ष न लागणं, क्षुल्लक गोष्टीवर चिडणं, वाईट स्वप्नं, इतरांना न दिसणारं दिसणं वा ऐकू येणं, पोटदुखी, दचकणं, झोप न येणं, रडू येणं, गळून जाणं, जीव द्यावासा वाटणं, कशातच आनंद नसणं, कामं मागे पडणं, निर्णय न होणं. ९ किंवा त्याहून जास्त 'हो' आले तर २०१६ च्या मोठ्या चाचणीत त्या व्यक्तीला सहभागी केलं होतं.

मूल जाऊन तीन आठवडे झालेली आई ही प्रश्नावली भरेल तर ९ सहज ओलांडेल. तिची झोप गेलेलीच असणार, रडणं असणारच, कामं पडणारच. म्हणजे पहिल्या महिन्या-दीड महिन्यात हा आकडा आजार सांगत नाही, फक्त मूल गेलं आहे एवढंच सांगतो. आजीने तो लिहून ठेवावा, त्यावर निकाल देऊ नये. दोन प्रश्न मात्र वेगळे काढून बघायचे. पाचवा, ऐकू येण्याचा. शोकात मुलाची हाक ऐकू येणं, अंगणात पावलं वाजल्यासारखी वाटणं हे पुष्कळांना होतं, ते वेड नव्हे. म्हणून 'हो' आलं की थांबून विचारायचं: कुणाचा आवाज, काय म्हणतो, तुम्ही मग काय करता? आवाज "ये माझ्याकडे" म्हणत असेल तर गोष्ट बदलते. दुसरा म्हणजे अकरावा, जीव देण्याचा. तिथे 'हो' आलं की बाकावरची बैठक तिथेच थांबवून बाईला हाताला धरून नर्सकडे न्यायचं, एकटीला घरी पाठवायचं नाही, आणि घरातलं कीटकनाशक व गोळ्या कोण हलवणार हे माणसाचं नाव घेऊन ठरवायचं. आज्यांचं प्रशिक्षण दोन आठवड्यांहून कमी मुदतीचं असतं. त्यांनी हे एकट्याने सांभाळावं अशी अपेक्षाच नाही.

प्रश्नावलीत जे नाही ते आता. मुलाची ओढ, त्याच्याशिवाय जगणं खोटं वाटणं, मृत्यू मान्यच न होणं यांवर तिच्यात एकही प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'लांबलेला शोक' हे वेगळं निदान आहे, आणि त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिने जावे लागतात. बाकाच्या सहा बैठका त्याच्या कितीतरी आधी संपू शकतात. मग सहाव्या महिन्यात ती आई कशी आहे हे पाहणारं कोण?

आता बैठकांकडे. वैयक्तिक बैठका सहा, पहिली सगळ्यात लांब. पद्धतीचं तांत्रिक नाव 'समस्या सोडवण्याची उपचारपद्धती', पण आज्या तीन शोना शब्दांनीच ती सांगतात: 'कुव्हुरा प्फुंग्वा' म्हणजे मन उघडणं, 'कुसिमुद्झिरा' म्हणजे उचलून धरणं, 'कुसिंबिसा' म्हणजे बळ देणं. क्रम असा: बाई सगळ्या अडचणी सांगते, त्यातली एक ती स्वतः निवडते, त्यावर सुचतील ते उपाय दोघी मांडतात, त्यातला एक पक्का करून पुढच्या भेटीपर्यंत काय, कधी, कुणाच्या मदतीने करायचं ते ठरतं. पुढच्या भेटीत हिशेब: झालं का, नाही तर का नाही.

"माझं मूल गेलं" ही या पद्धतीत बसणारी समस्या नाही. तिला उपाय नाही. नवखी आजी इथेच घसरते. ती हीच अडचण निवडू देते, मग सुचवायला काही उरत नाही, आणि तोंडातून "देवाची इच्छा" किंवा "तू तरुण आहेस, दुसरं होईल" निघतं. बाई दुसऱ्या बैठकीला येत नाही. बैठका सोडण्याचं आमच्या मते हे सगळ्यात मोठं कारण असावं.

मुरलेली आजी काय करते? ती मृत्यूची गोष्ट पूर्ण ऐकते, घाई करत नाही, मग त्या गोष्टीला धरता येतील अशा मुठी शोधते. चार वर्षांचं मूल गेलेल्या आईची यादी साधारण अशी निघते: रात्री ठरावीक वेळी जाग येते, शवपेटी आणि बसच्या खर्चाचं कर्ज आहे, सासू (वाम्वेने) टोमणे मारते, थोरल्याची शाळेची फी थकली, नवरा उशिरा आणि पिऊन येतो, मुलाचे कपडे पेटीत पडून आहेत. यातल्या प्रत्येकाला मूठ आहे. पहिली कुठली धरायची? आमचं मत, झोप. कारण झोपेशिवाय बाकीच्या पाचांवर विचार होत नाही. आणि उपाय छोटा हवा. "लवकर झोपत जा" हा उपाय नव्हे. "पुढचे सात दिवस नणंद खोलीत झोपेल, जाग आली की तिला उठवायचं, अंधारात एकटीने पेटी उघडायची नाही" हा उपाय झाला, कारण पुढच्या भेटीत तो तपासता येतो.

कर्जाच्या बाबतीत पद्धत अगदी चोख चालते. कुणाचे किती, कुणाला थांबवता येईल, चेमाच्या वहीतले पैसे कुठे गेले, बायकांच्या अंत्यविधी भिशीतून काही मिळायचं राहिलंय का, हे कागदावर उतरलं की कुफुंगिसिसा तिथल्या तिथे थोडा ओसरतो. नोकरदार आईला एक गोष्ट सांगायची राहून जाते: झिंबाब्वेच्या कामगार कायद्यात वर्षाला १२ दिवसांपर्यंत पगारी विशेष रजा आहे, आणि मुलाचा मृत्यू हे त्यातलं एक कारण आहे. अर्थात बहुतेक बायका भाजी विकतात किंवा रोजाने जातात, त्यांना या रजेचा उपयोग शून्य.

सासूची मूठ सगळ्यात निसरडी. शोना घरात सून, मुरोरा, थेट सासूला उत्तर देत नाही. अशा कामाला माणूस ठरलेला असतो: माहेरची 'तेते', म्हणजे आत्या. चांगली आजी बाईला भांडायला शिकवत नाही, ती विचारते, "तुमची तेते कुठे राहते? तिला काय सांगायचं ते आत्ताच ठरवू." गोष्ट चेटकाच्या आरोपापर्यंत गेली असेल तर आजीने स्वतः मध्यस्थी करू नये. कुणाला चेटकीण ठरवणं झिंबाब्वेच्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे, हे बाईच्या माहेरच्यांना कळवणं एवढं तिच्या हातात असतं, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. उलट नांगाकडे किंवा प्रेषिताकडे जाऊ नका म्हणणं ही हमखास चूक. बाई जाणारच आहे, फक्त मग ती बाकावर ते सांगणार नाही.

कपड्यांबद्दल सगळे घाई करतात. मोठ्या माणसाचे कपडे वाटण्याचा शोनात ठरलेला विधी असतो, मुलाच्या कपड्यांबाबत घरातलं कुणीतरी एका दुपारी गाठोडं बांधून देऊन टाकतं. हा निर्णय सहा बैठकांत झालाच पाहिजे असं नाही. यादीत शेवटी ठेवावा, नाही झाला तरी चालेल.

परिणामांचे आकडे द्यायला हवेत. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेली चाचणी डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. सहा महिन्यांनी १४ प्रश्नांतले सरासरी 'हो' बाकाच्या गटात ३.८१, नेहमीच्या सेवेच्या गटात ८.९०. नैराश्याची लक्षणं बाकाच्या गटात १३.७ टक्के, दुसऱ्यात ४९.९ टक्के. फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे, आणि तो तज्ज्ञ डॉक्टरांशिवाय, आज्यांच्या जोरावर. पण हे आकडे सर्वसाधारण नैराश्य-चिंतेचे, ते शोकाचे म्हणून वाचू नयेत. आणखी एक बारीक अक्षरांतली गोष्ट: गरोदर बायका आणि बाळंतपणाला तीन महिने न झालेल्या बायका या चाचणीत घेतल्याच नव्हत्या. संशोधनाच्या दृष्टीने त्याला कारणं असतील. पण त्यामुळे ज्या आईचं बाळ जन्मताना किंवा पहिल्या आठवड्यात गेलं, ती या पुराव्याच्या बाहेर राहते. तिच्याबद्दल "सिद्ध झालेली सेवा" असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये.

या आईसाठी बाकाला काय जोडावं लागेल, हे स्पष्ट सांगता येतं. एक तर शरीर. बाळ नसलं तरी दोन ते चार दिवसांत दूध येतंच. छाती दगडासारखी होते, आणि कपडे भिजले की दुःख नव्याने उसळतं. ताण कमी होईल इतकंच हाताने काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही, नाहीतर आणखी बनतं. आधार देणारी पण न आवळणारी चोळी किंवा ब्रा, थंड ओल्या घड्या. फडक्याने करकचून बांधणं टाळावं. एका बाजूला लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी नर्सला दाखवायचं. हे पाच मिनिटांचं बोलणं आजीला सहज शिकवता येईल. दुसरं, जागा. याच आवारात लसीकरणासाठी तान्ही बाळं घेऊन बायका येतात. बाक बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब असतो, पण दिसणं चुकत नाही. या आईला लसीकरणाचा दिवस सोडून वेळ द्यावी, आणि तिची पाठ रांगेकडे होईल असं बसवावं. तिसरं, बाळाचं नाव ठेवलं होतं का, हे विचारावं. पुष्कळदा आजवर तिला कुणी ते विचारलेलंच नसतं.

एचआयव्हीचा धागा सोडून चालणार नाही. त्या ५७३ जणांत दर पाचांतले दोन एचआयव्हीबाधित होते. बाधित आईचं बाळ गेलं की "माझ्या दुधातून गेलं" हा काटा राहतो, खरं कारण काही वेगळं असलं तरी. नवऱ्याला सांगितलेलंच नसेल तर ती हे घरी बोलूही शकत नाही. आज्यांची पिढी १९९० च्या दशकात एड्सने पोरं गेलेली, नातवंडं वाढवलेली. अशा बाईसमोर त्यांचं गप्प बसणंसुद्धा उपचार होऊन जातं. मात्र आजीने आपली कहाणी किती सांगावी याला मर्यादा हवी. बैठक आजीच्या मुलाकडे वळली, की आईच सांत्वन करायला लागते.

वैयक्तिक बैठकांनंतर 'कुबाताना तोसे' हे मंडळ, म्हणजे सगळ्यांनी हात धरणं. यायलाच हवं असं नाही. बायका गोल बसून टाकाऊ प्लास्टिकपासून पिशव्या विणतात, विकतात आणि बोलतात. हात कामात असले की नजर खाली राहते, आणि नजर खाली असली की बोलणं सोपं जातं. मूल गमावलेल्या आईला आम्ही सहा बैठकांपेक्षा हे मंडळ जास्त सुचवू, एका अटीवर: त्यात निदान अजून एक तरी अशीच आई असावी. नाहीतर कर्ज आणि नवऱ्याच्या गप्पांत ती पुन्हा एकटी पडते. मंडळाला शेवटची तारीख नसते, म्हणून सहाव्या महिन्याची आणि पहिल्या वर्षदिवसाची चौकशीही इथेच होऊ शकते. आजीने दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. त्या आठवड्यात १४ प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि जोडीला एक साधा पंधरावा: "तो परत येईल असं अजून वाटतं का?" सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं थांबलेलं असेल तर मानसोपचारासाठी पुढे पाठवायची वेळ झाली.

लग्न झालेली मुलगी गमावलेली आई हा वेगळाच प्रकार, त्यावर बाकाचा जोर फारच कमी चालतो. 'रोरा', म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी द्यायचं लग्नाचं देणं, बाकी असेल तर माहेरचे पुरुष ते मिळेपर्यंत दफन अडवतात. मृतदेह ठेवून बोलणी चालतात आणि आई आत बसून वाट पाहते. तिला त्या बोलण्यांत तोंड उघडता येत नाही. बाकावर ती येते तेव्हा दुःखाइतकाच रागही घेऊन येते, बहुधा स्वतःच्या नवऱ्यावरचा.

आणि बाप? चाचणीत दर सातांतल्या सहा बायका होत्या. दवाखान्याच्या आवारात, दिवसा, आजीशेजारी बसून रडणं पुरुषाला जमत नाही, यात नवल ते काय. नवऱ्याला बोलावणं धाडण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या बैठकीत बाईला एक काम द्यावं: घरी त्याच्याशी मुलाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, कर्जाबद्दल अजिबात नाही. बहुतेक घरांत उलटंच चाललेलं असतं.

घरातल्या उरलेल्या मुलांकडे ही सेवा पाहतच नाही, हा आमचा शेवटचा आक्षेप. शोनात कुणी गेलं की 'विसावला' असं म्हणायची रीत आहे. पाच वर्षांच्या भावंडाला ते 'झोपला' असंच ऐकू येतं, आणि मग ते स्वतः झोपायला घाबरतं, अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही. थकलेली आई त्याच्यावरच ओरडते, तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणते आणि कारण सांगत नाही. आजीने तिथे विचारावं, "धाकट्याला काय सांगितलंय?" विसावला हा शब्द बाजूला ठेवून साध्या शोनात 'मेला' म्हणून सांगायचं: त्याचं शरीर थांबलं, त्याला आता दुखत नाही, तू झोपलास की सकाळी उठशील. हे वाक्य आईला बाकावरच दोनदा म्हणायला लावावं, कारण घरी पहिल्यांदा म्हणताना घसा दाटतो.